सूत्रकृमी: नुकसान पेरणीआधीच ठरते

पिकाच्या तक्रारी बहुतेक वेळा पानांवरून मांडल्या जातात. पाने पिवळी पडली, झाडे दुपारी माना टाकतात, फळ पोसत नाही, शेताच्या एका भागातली वाढ खुंटली आहे, असे वर्णन ऐकले की सल्ला देणाऱ्याच्या मनातही आधी अन्नद्रव्यांची कमतरता, पाण्याचा ताण किंवा एखादी बुरशी येते. मग विद्राव्य खते सुटतात, फवारण्या होतात, पाण्याच्या पाळ्या वाढतात. झाड चार दिवस तरतरीत दिसते आणि पुन्हा मलूल होते. झाड उपटून मुळे पाहण्याची वेळ येते तोवर पीक निम्म्यावर आलेले असते. सूत्रकृमींविषयी मी पुन्हा पुन्हा लिहितो ते याच कारणाने. हंगामी पिकात त्यांच्यामुळे किती नुकसान होणार, हे बहुतांशी पेरणीच्या किंवा लागवडीच्या दिवशी मातीत त्यांची संख्या किती आहे यावरच ठरलेले असते, आणि लक्षणे दिसल्यावर जे काही केले जाते ते बरेचसे पुढच्या पिकाच्या उपयोगाचे असते.

सूत्रकृमी हे धाग्यासारखे, वलये नसलेल्या शरीराचे कृमी. वनस्पतींवर जगणाऱ्या बहुतेक जातींची लांबी एक मिलिमीटरच्या आतबाहेर असते आणि शरीर पारदर्शक असल्याने नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो पातळ थर असतो त्यातूनच ते हालचाल करतात, त्यामुळे जमिनीत राहत असले तरी स्वभावाने ते जलचरच म्हणायला हवेत. सकस मातीत त्यांची संख्या प्रचंड असते. मात्र त्यांतले बहुसंख्य जिवाणू, बुरशी किंवा दुसरे सूत्रकृमी खाऊन जगतात, आणि त्यांच्या या खाण्यातूनच नत्राचा काही भाग पिकाला घेता येईल अशा रूपात मोकळा होतो. हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण सूत्रकृमी म्हटले की जमीन सरसकट निर्जंतुक करण्याची भाषा सुरू होते आणि त्यात उपयोगाचे जीवही जातात. पिकावर जगणारा सूत्रकृमी सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या तोंडावरून ओळखता येतो. त्याच्या तोंडात इंजेक्शनच्या सुईसारखा पोकळ, टोकदार अवयव असतो. तो पेशीत खुपसून आधी लाळ सोडायची आणि मग आतला रस ओढायचा, अशी त्याची रीत असते.

सर्वांत जास्त त्रास गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा, म्हणजे मेलॉयडोगायनी या प्रजातीचा होतो. १८५५ साली इंग्लंडमधील माइल्स जोसेफ बर्कली यांनी काचघरातील काकडीच्या मुळांवर आलेल्या गाठी आणि त्यांतले सूत्रकृमी यांची नोंद केली. पुढे बराच काळ हे सगळे गाठीवाले सूत्रकृमी एकाच जातीचे मानले जात होते; १९४९ साली बी. जी. चिटवुड यांनी त्यांची वेगवेगळ्या जातींत विभागणी केली. आज या प्रजातीत सुमारे शंभर जाती ज्ञात आहेत, परंतु शेतीतले बहुतेक नुकसान इन्कॉग्निटा, जावानिका, अरेनॅरिया आणि हॅप्ला या चार जातींकडून होते. यजमान वनस्पतींची यादी दोन हजारांच्याही पुढे जाते. भाजीपाला, कडधान्ये, कंदपिके, फळझाडे, फुलझाडे आणि तणे यांपैकी कोणताच गट त्यातून पूर्णपणे सुटलेला नाही.

या किडीचा जीवनक्रम नीट समजला की बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते. अंड्यातच एक कात टाकून दुसऱ्या अवस्थेतले पिल्लू बाहेर पडते. त्याची लांबी साधारण ०.४ मिलिमीटर असते आणि मुळात शिरू शकणारी हीच एक अवस्था. बाहेर पडल्यावर त्याला खायला काहीच मिळत नाही. शरीरात साठवलेल्या चरबीवर तगून राहायचे आणि ती संपण्याआधी कोवळी मुळी गाठायची, एवढाच त्याचा कार्यक्रम असतो. मुळीच्या टोकामागच्या मऊ भागातून ते आत शिरते. पेशींच्या भिंती सैल करण्यासाठी ते सेल्युलोज विरघळवणारी विकरे (एन्झाइम) सोडते. प्राणी स्वतः अशी विकरे तयार करू शकत नाहीत, असेच मानले जात होते. १९९८ साली प्रथम पुटी करणाऱ्या, म्हणजे मेलेल्या मादीच्या कडक कातडीत अंडी राखणाऱ्या सूत्रकृमींमध्ये त्यांची जनुके सापडली, आणि ती फार पूर्वी जिवाणूंकडून आलेली असावीत असे त्यांच्या रचनेवरून दिसते. मुळांत राहण्यासाठी लागणारे हत्यारच या जिवाने उसने घेतलेले आहे, ही बाब मला त्याच्या सगळ्या चरित्रात अधिक विलक्षण वाटते.

मुळाच्या मध्यभागी, अन्नपाणी वाहून नेणाऱ्या नलिकांजवळ पोहोचल्यावर पिल्लू एका जागी स्थिर होते आणि आसपासच्या पाच-सात पेशींवर ताबा मिळवते. त्याच्या लाळेमुळे या पेशींतले केंद्रक पुन्हा पुन्हा विभागते, पण मधली भिंत पडत नाही. एकेका पेशीत शंभरापर्यंत केंद्रके जमतात आणि ती फुगून राक्षसी आकाराची होते. झाड पानांत तयार केलेले अन्न या पेशींकडे पाठवत राहते आणि सूत्रकृमी तेथून ते शोषत राहतो. भोवतालच्या पेशी वाढून जे फुगवटे तयार होतात त्या बाहेरून दिसणाऱ्या गाठी. पाणी वाहून नेणाऱ्या नलिका या गर्दीत वेड्यावाकड्या होतात, तुटतात. जमिनीत वापसा असताना झाड दुपारी का कोमेजते, याचे उत्तर येथे आहे. अशा झाडाला आणखी पाणी देऊन उपयोग होत नाही, कारण पाणी कमी पडलेले नसून वाटच अडलेली असते.

आत वाढणारी मादी हळूहळू धाग्याचा आकार सोडून नासपतीसारखी गोल होते आणि पुन्हा कधी हलत नाही. मूळ पाण्याच्या बादलीत हलक्या हाताने खळबळून धुतले आणि भिंगाखाली धरले, तर गाठीच्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी थेंब चिकटलेले दिसतात. तेच अंडीपुंज. मादी चिकट द्रव सोडून त्यात अंडी घालते आणि एका पुंजात साधारण ३०० ते ५०० अंडी असतात, कधी त्याहूनही जास्त. गाठ टाचणीने अलगद फोडली तर आत मोत्यासारखी पांढरी, जेमतेम एक मिलिमीटरची मादीही सापडते. उष्ण प्रदेशातल्या प्रमुख जातींत प्रजननासाठी नराची गरजच नसते. जमिनीचे तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस असेल तर अंड्यापासून अंड्यापर्यंतचा फेरा चारेक आठवड्यांत पूर्ण होतो, म्हणजे चार महिन्यांच्या पिकात तीन-चार पिढ्या सहज निघतात. लागवडीच्या वेळी नगण्य वाटलेली संख्या काढणीपर्यंत कुठे जाते, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

एक गोंधळ मात्र नेहमी होतो. कडधान्यांच्या आणि शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या गाठी असतात आणि त्या उपकारक असतात. ती गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, अंगठ्याने ढकलली तर सुटून येते आणि चिरल्यावर आतून गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेले असते. ती वेगळी काढायला गेले तर मूळ तुटते.

गाठी नाहीत म्हणून सूत्रकृमी नाहीत, असेही समजू नये. प्रॅटिलेन्कस हा सूत्रकृमी मुळात हिंडत राहतो आणि जाईल तेथे तपकिरी चट्टे पाडतो. रॅडोफोलस केळीची मुळे आतून पोखरतो आणि घड लागलेले झाड वाऱ्याच्या एका झोताने मुळासकट आडवे होते. रोटिलेन्क्युलस कपाशीसह अनेक पिकांवर येतो आणि गाठ न करता झाडे एकसारखी खुजी ठेवतो. संपूर्ण शेतच सारखे खुजे असले की तुलनेला निरोगी झाड उरत नाही आणि कमी उत्पादन हाच त्या जमिनीचा गुणधर्म आहे, असे समजले जाते. पुटी करणाऱ्या सूत्रकृमींची तऱ्हा आणखी निराळी आहे. मादी मेल्यावर तिची कातडी कडक होऊन शेकडो अंड्यांची पिशवी बनते आणि अँडीज पर्वतातून बटाट्याबरोबर जगभर पसरलेल्या ग्लोबोडेराच्या पुटीतली अंडी वीस वर्षांनंतरही जिवंत निघू शकतात. त्यांतली बहुतेक अंडी फुटण्यासाठी यजमान पिकाच्या मुळांतून झिरपणाऱ्या रसायनांची वाट पाहतात. पीक आले की दार उघडायचे, नाही तर आत पडून राहायचे, असा हा संयम आहे.

मुळाला पडलेल्या जखमेतून दुसरे रोग शिरतात, हा या विषयाचा अर्धा भाग आहे आणि तोच नेहमी दुर्लक्षित राहतो. १८९२ साली जॉर्ज अ‍ॅटकिन्सन यांनी अमेरिकेतील अलाबामात कपाशीचा मर रोग पाहताना असे नोंदवले की गाठी करणारे सूत्रकृमी जेथे आहेत तेथे मर अधिक तीव्र असते. तेव्हापासून फ्युजेरियम या बुरशीची मर, जिवाणूजन्य मर आणि मुळकूज यांच्याबाबत हाच अनुभव अनेक पिकांत आला आहे. मर रोगाला प्रतिकारक म्हणून घेतलेला वाण सूत्रकृमीग्रस्त जमिनीत मरू लागला, तर बियाण्याला दोष देण्यापूर्वी मुळे पाहावीत. १९५८ साली झिफिनेमा इंडेक्स हा सूत्रकृमी द्राक्षवेलीतील पंखपर्ण विषाणूचा प्रसार करतो हे सिद्ध झाले आणि सूत्रकृमी विषाणूही वाहून नेतात हे पहिल्यांदा कळले.

जगभरात सूत्रकृमींमुळे पिकांचे किती नुकसान होते, याचा १९८७ साली प्रसिद्ध झालेला १२.३ टक्के हा आकडा अजूनही जिकडेतिकडे उद्धृत होतो. तो निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांना विचारून काढलेला सरासरी अंदाज आहे, त्यामुळे दशांश चिन्हापुढच्या तीनला फारसे गांभीर्याने घेऊ नये. शेतकऱ्याला सरासरीशी कर्तव्य नसते. त्याच्या शेतातला एक टापू पार बसलेला असतो आणि शेजारचा हिरवागार असतो, कारण सूत्रकृमी स्वतःहून वर्षभरात मीटरभरही सरकत नाही. तो जेथे पोहोचवला गेला तेथेच वाढतो. खराब टापू मशागतीच्या दिशेने लांबट होत गेलेला दिसला, तर माती औजारांनी ओढून नेली असे समजावे. वाहते पाणी, चिखलाने भरलेली पादत्राणे, ट्रॅक्टरची चाके आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रोपे, कंद व कलमे हीच त्याची खरी वाहने आहेत.

पेरणीच्या वेळची संख्या आणि मिळणारे उत्पादन यांचा संबंध डच संशोधक जे. डब्ल्यू. साइनहॉर्स्ट यांनी १९६५ मध्ये सूत्रात मांडला. एका मर्यादेपर्यंत पीक सूत्रकृमींना सहन करते आणि उत्पादनात फरक पडत नाही; ती मर्यादा ओलांडली की उत्पादन घसरू लागते. ही मर्यादा पीक, जमीन आणि हवामान यांप्रमाणे बदलते, हलक्या वालुकामय जमिनीत नुकसान लवकर दिसते. पण यातला गाभा सोपा आहे. सूत्रकृमी शेतातून समूळ नाहीसा करण्याची गरज नाही आणि बहुतेक वेळा ते शक्यही नाही. त्याची संख्या त्या मर्यादेखाली असताना पीक जमिनीत पडले पाहिजे. पहिल्या तीन-चार आठवड्यांत मुळे निरोगी वाढली तर तेच झाड नंतरचा प्रादुर्भाव बऱ्यापैकी निभावून नेते.

म्हणूनच मातीचा नमुना पिकाच्या शेवटी किंवा काढणीनंतर लगेच घेणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. त्या वेळी संख्या कळसाला असते, त्यामुळे ती नजरेतून निसटत नाही, आणि पुढचे पीक ठरवायला हातात वेळही असतो. नमुना मुळांच्या कक्षेतून, पंधरा-वीस सेंटिमीटर खोलीवरून, नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणांहून घ्यावा, एकत्र करून त्यातली अर्धा किलो ओलसर माती आणि थोडी बारीक मुळे प्लॅस्टिकच्या पिशवीत भरावीत. अगदी मेलेल्या झाडाखालची माती घेऊ नये. तेथली मुळे कुजून गेल्याने सूत्रकृमींची उपासमार झालेली असते आणि संख्या फसवी कमी येते. खराब टापूच्या कडेची, नुकतीच आजारी दिसू लागलेली झाडे निवडावीत. खतासाठी करतात त्या माती परीक्षणाप्रमाणे ही माती सावलीत वाळवायची नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. प्रयोगशाळेत १९१७ सालच्या बेअरमन यांच्या नरसाळ्याच्या पद्धतीने किंवा तिच्या सुधारित रूपांनी सूत्रकृमी वेगळे करतात. त्यात ते स्वतः मातीतून पोहत खाली पाण्यात उतरावे लागतात, आणि मेलेला सूत्रकृमी पोहत नाही.

जात कळणे किती महत्त्वाचे आहे ते फेरपालटाच्या एका उदाहरणावरून दिसेल. जमिनीत इन्कॉग्निटा असेल तर भुईमूग हे उत्तम फेरपालटाचे पीक, कारण त्यावर ती जात सहसा वाढत नाही. पण तेथे अरेनॅरियाचा भुईमुगावर वाढणारा प्रकार असेल तर तोच सल्ला घातक ठरतो. मक्याच्या मुळांवर गाठी फारशा दिसत नाहीत, म्हणून मका सुरक्षित समजला जातो, परंतु इन्कॉग्निटा त्याच्या कित्येक वाणांवर निवांत वाढते. ‘तृणधान्याचा बेवड चांगला’ हा जुना अनुभव या बाबतीत तपासून घेतलेला बरा. जमीन पडीक ठेवून उपासमार घडवणे हा उपायही तेवढाच प्रभावी असतो जेवढी ती जमीन तणमुक्त असते. घोळ, काटेमाठ आणि लव्हाळा हे सगळे यजमान आहेत.

झेंडूबद्दल फार बोलले जाते आणि त्यातले निम्मेच खरे असते. झेंडूच्या मुळांतील अल्फा-टर्थिनील हे सूत्रकृमींना मारक द्रव्य १९५८ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी वेगळे केले, आणि प्रॅटिलेन्कसवर या पिकाचा परिणाम खरोखर चांगला होतो. पण तो परिणाम जिवंत मुळांच्या आसपास होतो. त्यामुळे संपूर्ण शेतात दाट झेंडू तीन-चार महिने मुख्य पीक म्हणून उभा राहिला तर उपयोग. बांधावर एक ओळ लावून सूत्रकृमी हटण्याची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. त्यातही काही गाठी करणाऱ्या जाती झेंडूच्या काही वाणांवर वाढतात. तागवर्गातील अनेक जाती गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना पोसत नाहीत आणि त्यांचे हिरवळीचे खतही होते, म्हणून मला स्वतःला ताग अधिक भरवशाचा वाटतो.

माती ओली करून तिच्यावर पारदर्शक पातळ पॉलिथिन चार ते सहा आठवडे घट्ट अंथरणे ही पद्धत इस्राएलमध्ये याकोव कातान आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली मांडली. गादीवाफे, रोपवाटिका आणि संरक्षित शेती यांसाठी ती उत्तम आहे. उघड्या शेतात मात्र खालच्या थरातले सूत्रकृमी वाचतात आणि नंतर वर येतात. जैविक उपायांत पर्प्युरिओसिलियम लिलासिनम आणि पोकोनिया या बुरशी अंड्यांवर जगतात, तर पाश्च्युरिया पेनेट्रान्स या जिवाणूचे बीजाणू पिल्लांच्या अंगाला चिकटतात आणि मादीला वांझ करतात. काही बुरशी फास तयार करून जाणारा सूत्रकृमी क्षणात आवळतात. हे दृश्य थक्क करणारे आहे, पण शेतातले त्याचे परिणाम बेभरवशाचे. सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेल्या जमिनीत आणि लागवडीआधी दिलेल्या जैविक घटकांचा उपयोग होतो, माना टाकलेल्या झाडाला केलेल्या आळवणीचा क्वचितच.

रासायनिक सूत्रकृमीनाशकांचा इतिहास फारसा सुखाचा नाही. डीबीसीपी या द्रव्यामुळे ते तयार करणाऱ्या कारखान्यातील कामगारांना वंध्यत्व आल्याचे १९७७ साली कॅलिफोर्नियात उघडकीस आले. ओझोनच्या थराला धोका म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार मिथाइल ब्रोमाइडचा शेतीतला वापर विकसित देशांत २००५ पर्यंत आणि इतर देशांत २०१५ पर्यंत, काही सवलती वगळता, बंद झाला. फ्लुओपायराम, फ्लुएनसल्फोन यांसारखी नवी द्रव्ये तुलनेने नेमकी आहेत. पण ती वापरली तरी तोच नियम लागू राहतो: लागवडीच्या वेळी ती कोवळ्या मुळांना वाचवतात, नंतर मुळाच्या आत बसलेल्या मादीपर्यंत पोहोचणे कठीण होते. एकच द्रव्य वर्षानुवर्षे दिले तर मातीतले सूक्ष्मजीव ते झपाट्याने पचवायला शिकतात, असेही काही द्रव्यांबाबत आढळले आहे.

प्रतिकारक वाण हा सर्वांत स्वस्त उपाय, जेथे तो उपलब्ध आहे तेथे. टोमॅटोतील एमआय जनुक १९४४ साली सोलॅनम पेरुवियानम या रानटी जातीशी केलेल्या संकरातून आले आणि आजही जगभर तेच वापरात आहे. त्याची मर्यादा अशी की जमिनीचे तापमान २८ अंशांच्या वर गेले की प्रतिकार ढिला पडतो, हॅप्लावर ते चालत नाही आणि एंटेरोलोबिआय ही अलीकडे पसरणारी जात त्याला जुमानत नाही. प्रतिकारक वाण एकाच शेतात सलग घेत राहिले की त्यावर मात करणारे सूत्रकृमी निवडले जातात, त्यामुळे फेरपालट येथेही सुटत नाही. काढणी झाल्यावर झाडे मुळांसकट उपटून शेताबाहेर काढणे हे याच्याइतकेच उपयोगी आणि त्याहून साधे काम आहे. मुळे जमिनीत हिरवी राहिली तर पीक संपल्यावरही आणखी एक पिढी निघते.

हे सगळे हंगामी पिकांचे झाले. फळबागेत पेरणीचा दिवस आयुष्यात एकदाच येतो आणि पुढे फेरपालटाला जागा नसते, म्हणून तेथे कलम घेतानाच पिशवीतली माती सोडून मुळे पाहावीत आणि गाठी दिसल्यास त्या रोपवाटिकेतली एकही कलम घेऊ नये. शक्य असेल तेथे प्रतिकारक खुंटावरचीच कलमे निवडावीत. जुनी बाग काढून त्याच जमिनीत तेच फळझाड लावायचे असेल तर घाई नको. झाड तोडल्यावरही जाड मुळे जमिनीत बराच काळ जिवंत राहतात, आणि द्राक्षाच्या जुन्या मळ्यात तर झिफिनेमा इंडेक्स त्या मुळांच्या तुकड्यांच्या आधाराने, पोटात विषाणू घेऊन, कित्येक वर्षे तग धरतो.